मर्यादवेलीचे बेणे

कोकण आणि गोवा यांच्या वालुकामय किनाऱ्यांवर, भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला, जी वेल वाळूला अंग लावून दहा-दहा, वीस-वीस हात लांब पसरलेली दिसते, तिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. तिचे पान जाड, मांसल, टोकाशी दुभंगलेले आणि शेळीच्या खुराच्या ठशासारखे असते. लिनिअसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नामकरण करताना हीच उपमा पत्करली. फूल नरसाळ्याच्या आकाराचे, जांभळट गुलाबी, सकाळी उमलून दुपारपर्यंत मलूल होणारे. खोड मोडले तर पांढरा चीक वाहतो. रताळ्याची वेल ही तिची सख्खी भाऊबंद असून, उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व समुद्रकिनाऱ्यांवर मर्यादवेलीचा संचार आहे.

ही वेल नुसती वाळूवर पसरत नाही. ती वाळू अडवून धरते. वाऱ्याबरोबर वाळूचे कण उड्या घेत पुढे सरकतात, आणि अशा रीतीने वाहून नेल्या जाणाऱ्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या साधारणतः घनाच्या प्रमाणात वाढते, हे राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध करून दाखविले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जमिनीलगतचा वाऱ्याचा वेग निम्म्यावर आला, तर त्याची वाळू वाहण्याची शक्ती निम्म्यावर नव्हे, तर जवळजवळ अष्टमांशावर येते. मर्यादवेलीची पाने वीतभर उंचीचीच असली, तरी एवढा अडसर पुरेसा होतो. वाळू तिच्यात साचते, वेल अंशतः गाडली जाते, गाडलेल्या पेऱ्यांतून नवी मुळे फुटतात, शेंडा पुन्हा वर येतो, आणि या क्रमाच्या पुनरावृत्तीने किनाऱ्यावर टेकडी आकार घेऊ लागते. या टेकड्या उधाणाच्या लाटांपुढची पहिली तटबंदी असल्यामुळे, केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत त्यांचे सपाटीकरण व फेरफार यांस मनाई करण्यात आली, आणि २०११ सालच्या अधिसूचनेत त्यांची गणना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील अशा पहिल्या वर्गात झाली. मनाईहुकमाने उरलेली टेकडी वाचू शकते. जी बांधकामाने, वाळूउपशाने किंवा वाहनांच्या वर्दळीने आधीच उघडी पडली, तिच्यावर वेल पुन्हा चढवावी लागते. त्यासाठी बेणे लागते, आणि बेणे म्हटले की ते कशात रुजवावे हा प्रश्न आलाच.

बी पेरून हे काम होत नाही असे नाही. मर्यादवेलीच्या बोंडात बहुधा चार बिया असतात, लवदार, काळपट तपकिरी आणि इतक्या कठीण कवचाच्या, की त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदूरचे किनारे गाठतात. जे कवच प्रवासात त्यांचे रक्षण करते, तेच पेरणाऱ्याच्या मार्गात आडवे येते. कानशीने किंवा खरकागदाने ते झिजविल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, आणि उगवण मागेपुढे होऊन रोपे एकसारखी मिळत नाहीत. याउलट वेलीचा तुकडा म्हणजे तयार खोड, तयार डोळे आणि काही दिवसांची साठवलेली पिष्टमय शिल्लक. कोकणातील शेतकरी रताळ्याची लागवड याच रीतीने करतो: तीन-चार पेऱ्यांचा, वीतभर किंवा थोडा अधिक लांबीचा तुकडा घ्यावयाचा, दोन पेरी मातीत जातील असा तिरका लावावयाचा, आणि पावसावर सोडून द्यावयाचा. रताळ्याच्या पेऱ्यांत मुळांचे सूक्ष्म अंकुर वेल तोडण्यापूर्वीच तयार असतात, ओल मिळताच ते बाहेर पडतात. मर्यादवेलीचे वर्तनही या आप्ताला साजेसेच आहे.

सर्व किनारी वनस्पती इतक्या सोशिक नसतात. खाडीच्या काठी, तिवरांच्या मागच्या अंगाला, पांढऱ्या फुलांची आणि त्यांतून बाहेर डोकावणाऱ्या जांभळट तांबूस पुंकेसरांची कोयनेल वाढते. पुण्यामुंबईच्या बंगल्यांभोवती कात्रीने सारखी केलेली जी कुंपणे दिसतात, त्यांपैकी पुष्कळ हिचीच असतात. तिचे खोड काष्ठमय असते, आणि तेथे मूळ निर्माण व्हावयाचे ते बहुतांशी नव्याने व्हावे लागते. फाटा कापला की जखमेवरच्या पेशी प्रथम कोरड्या पडून एक आवरण बनते. त्यामागे, साल आणि काष्ठ यांच्या दरम्यान जो विभाजनक्षम पेशींचा पातळ थर असतो, त्याच्या आसपासच्या काही पेशी आपला पूर्वीचा व्यवसाय सोडून मूळ घडविण्याच्या कामास लागतात. अशा मुळांना वनस्पतिशास्त्रात आगंतुक मुळे म्हणतात.

हा व्यवसायबदल कोणाच्या हुकमाने होतो, याचा शोध अर्धशतकाहून अधिक काळ चालला होता. फाटा कसाही ठेवला तरी मुळे त्याच्या मूळच्या खालच्या टोकाशी आणि डोळे वरच्या टोकाशी फुटतात, उलटा टांगलेला फाटाही आपली मूळची दिशा विसरत नाही, हे हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली विलोच्या डहाळ्यांवरील प्रयोगांनी दाखविले. पानांत तयार होऊन खाली वाहणारे एखादे मूलजनक द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान युलिउस झाक्स याने त्याच सुमारास मांडले. १९२८ साली उट्रेख्ट येथे फ्रिट्स व्हेंट याने कोंबाच्या टोकातून वाढ घडविणारे द्रव्य वेगळे काढून मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, १९३४ मध्ये इंडोल ॲसिटिक आम्ल हे त्याचे रासायनिक स्वरूप निश्चित झाले, आणि लगोलग इंडोल ब्युटिरिक आम्ल हे अधिक टिकाऊ संजीवक रोपवाटिकांच्या व्यवहारात आले. आज बाजारात मिळणारी बहुतेक मूलवर्धक भुकटी म्हणजे त्या आम्लाचीच टाल्कमध्ये केलेली मिसळ होय. कोयनेलीला तिचा उपयोग होतो. मर्यादवेलीला ती लावणे म्हणजे खर्चाची व्यर्थ भर.

आता ज्या द्रव्यात छाट खोचावयाची त्या माध्यमाकडे वळू. या बाबतीत सर्वांत रूढ आणि सर्वांत नुकसानकारक समजूत अशी की, माध्यम जितके कसदार तितकी मुळे लवकर फुटतात. मुळेच नसलेली छाट जमिनीतला कस घेणार कशी? मूळ फुटेपर्यंत ती आपल्या खोडातील शिलकेवर आणि उरल्यासुरल्या पानांनी तयार केलेल्या साखरेवर निर्वाह करते. माध्यमाकडून तिची मागणी चारच गोष्टींची असते: तिला हलू न देणारा आधार, टोकाशी सतत ओल, त्या ओलीबरोबरच हवा, आणि कुजविणाऱ्या बुरशांपासून शक्य तितकी मुक्तता. यांतली हवा ही सहज विसरली जाणारी बाब. विभाजित होणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर श्वसन करतात, त्यांना प्राणवायू हवा असतो. आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तेवढ्याच हवेत तो २७५ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतो. कणांमधली पोकळी पाण्याने काठोकाठ भरली, की टोकाजवळचा प्राणवायू काही वेळातच संपतो आणि नव्या प्राणवायूची आवक जवळजवळ थांबते. मग छाट उपटून पाहिली तर खालचे टोक तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाचे आढळते. साल बोटाने सोलून येते. लोक म्हणतात पाणी जास्त झाले. खरे पाहता पाणी जास्त झाल्यापेक्षा हवा संपली हे म्हणणे अधिक यथार्थ आहे.

या कसोटीवर आपल्याकडे सहज उपलब्ध असलेली माध्यमे घासून पाहू. प्रथम वाळू. नदीची जाड वाळू चाळून, गढूळपणा जाईपर्यंत धुऊन घेतली, तर तिच्यासारखे निर्मळ व हवेशीर माध्यम दुसरे नाही. छाट काढून घेताना मुळेही फारशी तुटत नाहीत. दोष एवढाच की ती लवकर वाळते, आणि तीत फुटलेली मुळे लांब, कमी फाट्यांची आणि काहीशी ठिसूळ होतात. समुद्रावरची वाळू बारीक असते, घट्ट बसते. तीत शिंपल्यांचा चुरा असल्यामुळे ती अल्कधर्मी असते, आणि ताज्या वाळूत मीठही असते. मर्यादवेल खारे वारे सोसते, म्हणून तिचे बेणे खाऱ्या वाळूत लावण्यास हरकत नाही, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण मिठाचा बंदोबस्त करण्याचे काम वाढलेल्या वेलीत पुष्कळ अंशी मुळे करीत असतात, आणि छाटीला तर ती नसतातच. सभोवारचे पाणी खारे असले की ते आत ओढणे तिला कठीण जाते आणि पाने ओल्या वाळूतही सुकतात. टेकडीच्या माथ्यावरची वाळू पावसाळ्यात धुऊन जाऊन बरीच बिनखारी होते. म्हणूनच निसर्गातही वेलीची नवी मुळे पावसाळ्यात जोमाने फुटतात.

दुसरे माध्यम काथ्याचा भुसा. नारळाच्या सोडणापासून धागा काढून घेतल्यावर जो तपकिरी चुरा उरतो, तो आपल्या वजनाच्या सुमारे आठपट पाणी धरून ठेवतो आणि तरीही बराच पोकळ राहतो. त्यात फुटणारी मुळे बारीक, लवचीक आणि पुष्कळ फाट्यांची होतात. म्हणून रोपवाटिकांनी त्याचा सर्रास अंगीकार केला आहे. तथापि सोडणे कुजविण्यासाठी खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवण्याची जी प्रथा आहे, तिच्यामुळे भुशात मीठ मुरलेले असते. मुळातही त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. हा भुसा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, निथळणारे पाणी चहाच्या रंगावरून फिक्कट होईपर्यंत पुनःपुन्हा धुतल्यावाचून वापरणे म्हणजे समुद्राचे मीठ मागच्या दाराने कुंडीत आणणे होय.

भाताचे तूस हे कोकणात फुकटच्या भावाने मिळणारे तिसरे द्रव्य. सिलिकायुक्त असल्यामुळे ते लवकर कुजत नाही, मोठ्या पोकळ्या राखते, पण पाणी फारसे धरीत नाही. म्हणून एकटे वापरण्यापेक्षा भुशात अगर मातीत मिसळण्यास ते उत्तम. गिरणीतून आणलेल्या तुसात राहून गेलेले भाताचे दाणे मात्र कुंडीत उगवून छाटीशी भांडू लागतात. तूस काळे होईपर्यंत अर्धवट जाळून घेतल्यास तो उपद्रव टळतो आणि त्याची ओल धरण्याची शक्तीही वाढते. पांढरी राख होईपर्यंत मात्र ते जाळू नये, कारण राख फार अल्कधर्मी असते.

जांभ्याची तांबडी माती कोकणातील घराघराच्या परसात असते. तिचे बारीक कण पाणी दिल्यावर एकमेकांस चिकटतात, पावसाच्या माऱ्याने वर थर धरतात आणि वाळल्यावर दगडासारखे कठीण होतात. छाटीच्या टोकाला त्यात श्वास घेणे अवघड. माती, वाळू आणि शेणखत समभाग घेऊन केलेले पारंपरिक मिश्रण मुळे फुटलेल्या रोपाला पोसण्यास योग्य आहे, मुळे फोडण्यास नव्हे. शेणखत अर्धवट कुजलेले असले, तर उष्णता, अमोनिया आणि बुरशी ही तिन्ही संकटे एकदम येतात. खत हाताने चाळताना अर्धवर्तुळाकार वळलेली पांढरी हुमणी सापडली, तर ते खत रोपांच्या जवळही आणू नये. शेवटी पाण्याची बाटली: तीत मर्यादवेलीच्या पेऱ्यांतून फुटणारी पांढरी मुळे काचेतून स्पष्ट दिसतात, आणि विद्यार्थ्यांना दाखविण्यास यापेक्षा सोपे साधन नाही, परंतु ती मुळे पाण्याच्या सवयीची, विरळ केसांची आणि नाजूक असतात, वाळूत हलविल्यावर त्यांतली पुष्कळशी निकामी होतात.

येथे भांड्याचाही विचार केला पाहिजे. कुंडीला तळाशी भोक असले तरी पाणी दिल्यावर तळाचा काही भाग पाण्याने तुडुंब भरलेलाच राहतो, कारण कणांमधल्या बारीक पोकळ्या पाण्याला वर धरून ठेवतात. या संपृक्त थराची जाडी माध्यमाच्या कणांवर अवलंबून असते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. समजा, एखाद्या मिश्रणात तो थर ५ सेंटिमीटरचा आहे. तर ८ सेंटिमीटर खोलीच्या ताटलीत निम्म्याहून अधिक माध्यम गुदमरलेले असेल, आणि तेच मिश्रण २० सेंटिमीटर उंच पिशवीत भरले तर केवळ चतुर्थांश. उथळ ताटलीत छाटी कुजतात आणि उंच, अरुंद पिशवीत त्याच मिश्रणात रुजतात, याचे रहस्य हे आहे. तळाशी खापऱ्यांचा थर घातल्याने निचरा सुधारतो ही समजूतही या दृष्टीने फोल ठरते. खापऱ्यांनी संपृक्त थर खाली जात नाही, उलट तितका वर चढतो.

ज्यांना ही तुलना स्वतः करून पाहावयाची असेल, त्यांनी एकाच वेलीचे, एकाच सकाळी कापलेले, सारख्या पेऱ्यांचे तुकडे घ्यावेत. शेंड्याकडची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, कारण मुळांवाचून पानांनी बाष्परूपाने केलेला खर्च भरून काढता येत नाही. चीक धुऊन टाकावा. भांडी, सावली आणि पाणी देण्याची वेळ सारखी ठेवून केवळ माध्यम बदलावे, आणि निरनिराळ्या माध्यमांची भांडी एकमेकांत मिसळून मांडावीत, म्हणजे सावलीचा कोपरा कोणा एकालाच मिळणार नाही. मग किती छाटी जगल्या, मुळे किती, त्यांना फाटे किती, हे टिपून ठेवावे. परंतु ताळेबंद येथे मिटवू नये. पुष्कळ प्रयोग मुळे मोजून संपतात, आणि भुशाला पहिला क्रमांक देऊन मोकळे होतात; ज्या टेकडीसाठी हा सारा खटाटोप, तिच्यावर ते रोप उभे राहते की नाही, हा शेवटचा आणि खरा निकाल नोंदवायचा राहूनच जातो.

कारण भुशात वाढलेले रोप टेकडीवर लावले, की एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न होते. भुशाचा बारीक पोताचा गड्डा पाणी घट्ट धरतो आणि भोवतालच्या जाड वाळूत सहजासहजी सोडीत नाही. मुळे त्या ओलसर गड्ड्यातच घोटाळत राहतात, आणि पाऊस उघडल्यावर, वाऱ्याने वरची वाळू उडून गड्डा उघडा पडला, तर तो इतका कोरडा होतो की पुढची सर त्याला पुन्हा भिजवू शकत नाही. म्हणून वाळूत जगावयाच्या रोपासाठी मिश्रणात वाळूचाच वाटा मोठा ठेवावा, धुतलेला भुसा त्यात चतुर्थांश ते तृतीयांश घालावा, पिशवी अरुंद आणि खोल असावी, आणि रोप लावताना गड्डा वाळूच्या पृष्ठभागाखाली चांगला चार बोटे गाडला जाईल अशी तजवीज करावी. लागवडीपूर्वी पाणी हळूहळू कमी करून, सावली काढून, रोपाला उन्हावाऱ्याची सवय लावावी. कोयनेलीच्या बाबतीत हा सारा उपचार आवश्यक आहे.

मर्यादवेलीसाठी मात्र सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत योग्य माध्यम म्हणजे टेकडीची वाळूच. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, लाटांच्या पोहोचेपलीकडे, वितीच्या अंतराने चर काढून, हातभर लांबीचे तुकडे आडवे ठेवावेत, शेंडा तेवढा बाहेर राखून बाकीच्यावर वाळू ओढावी, आणि माणसांची व गुरांची वर्दळ काही काळ बंद करावी. टेकडीखाली गोडे पाणी बरेचदा सापडते, कारण पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. किनाऱ्यालगतच्या विहिरी गोड्या लागतात त्या याच कारणाने. मुळे त्या ओलीपर्यंत गेली, की रोपवाटिकेचा संबंध संपला.

बेणे गोळा करतानाही थोडा विवेक हवा. जिवंत टेकडीवरची वेल ओरबाडून उघड्या टेकडीवर लावली, तर एका जागेचे नुकसान दुसऱ्या जागी हलविण्यापलीकडे काही साधत नाही. प्रत्येक वेलीचा एखादाच फाटा घ्यावा आणि पेऱ्यांवर मुळे धरलेला भाग तसाच राहू द्यावा. शिवाय छाटीपासून झालेली सर्व रोपे मूळ वेलीची हुबेहूब आनुवंशिक प्रतिकृती असतात, तिचे गुण आणि तिचे दौर्बल्य सर्वांच्या वाट्यास सारखेच येते. एका वेलीपासून साऱ्या टेकडीची लागवड केली, तर एका रोगाने ती सारी एकदम जाण्याचा धोका उद्भवतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या दूरदूरच्या अनेक वेलींचे बेणे एकत्र करावे, आणि त्यात थोडे बी झिजवून पेरलेल्या रोपांचीही भर घालावी. छाट मुळे लवकर देते, बी विविधता देते. आणि माध्यमाची निवड कोणत्याही बाबतीत करावयाची झाली, तरी ती मुळे किती लवकर फुटतात एवढ्यावरून न करता, पुढच्या वैशाखात टेकडीवर किती रोपे हिरवी आहेत हे पाहून करावी.